प्रॅक्टिकलला बसलेली कोंबडी

चहा सांग, पण ऑम्लेट नको. अंडं बघितलं की मला आजही थकवा येतो.

एकोणीसशे पंचाहत्तरच्या आसपास मी सोलापुरात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो. प्रॅक्टिकलला उबवलेलं अंडं फोडून आतल्या इवल्याशा गर्भाचं धडधडणारं हृदय पोरांनी दाखवायचं असायचं. त्या वर्षी ऐन परीक्षेच्या तोंडावर लाईट गेली आणि अंडी उबवायचं यंत्र थंड पडलं. मी डोक्याला हात लावून बसलो.

आमचा शिपाई दगडू म्हणाला, "सर, घरची कोंबडी खुडूक बसलीय. आणू का?"

"आण बाबा."

मोहोळची गावरान अंडी तिच्याखाली ठेवली. तिची टोपली, म्हणजे डालगं, प्रयोगशाळेतच.

परीक्षेदिवशी कोंबडीबाई काही अंड्यांवरून उठेनात. दगडूनं हात घातला, चोच बसली. मी घातला, मलाही बसली. बाहेरगावचे परीक्षक वैतागले, "सरका हो, कोंबडीला काय घाबरता!" आणि मिनिटभरात बोटाला रुमाल गुंडाळून खुर्चीत बसले. म्हणाले, "राहू द्या. तोंडीच घेतो."

पहिल्याच पोराला त्यांनी विचारलं, "गर्भात सगळ्यात आधी काय तयार होतं?"

पोरगं त्या रुमालाकडं बघत म्हणालं, "चोच, सर."

निम्मा वर्ग आपटला. निकाल हातात घेऊन मी नापासांची नावं मोजत होतो, तेवढ्यात दगडू हसत आला.

"सर, आपली सगळी पिल्लं निघाली की! एक बी अंडं वाया न्हाय."

मी म्हटलं, "दगडू, पुढच्या वर्षी वर्गावर तिलाच पाठव. मी बसतो डालग्यात."