फवारणीची वही

गंगापूर रोडच्या दवाखान्यात दहावीतली ओवी पुस्तक उघडून बसली होती खरी, पण तिचे कान शेजारच्या बाकावरच्या काका-काकूंकडे पळाले होते. दोघं दिंडोरीचे, द्राक्षबागवाले.

“अहो, हिमोग्लोबिन एकोणीस! रक्त घट्ट झालंय. गाठ झाली म्हंजे?”

“हळू बोल की.”

“टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन तीन आठवड्यांनी एक सांगितलं होतं. तुम्ही घेतलं दर आठवड्याला!”

“अंगात लय जोर यायचा गं. छाटणीला मी मजुरांच्या पुढं होतो.”

“मग आत सांगा तसं.”

“नाय. डॉक्टर इंजेक्शनच बंद करतील. परत दुपारपासून खाटेवर पडू?”

“पडा. निदान जिवंत दिसाल तरी.”

“तू गप राहा. कुणाला कळणार हाय?”

“ह्या वहीला कळलंय.”

“आं? बागेच्या फवारणीची वही इथं कशाला आणली?”

“तुमचंच अक्षर बघा. पाच तारीख, भुरीचं औषध. त्याच्याखाली, इंजेक्शन, स्वतःला. बारा तारखेला परत.”

“सवयीनं लिहिलं गं.”

“खंडेराव पिंगळ!” नर्सनं पुकारलं.

काकू वही घेऊन उठल्या. काका बसूनच राहिले. ओवीनं पुस्तक मिटलं.

“दे इकडं,” काका म्हणाले. “माझं अक्षर त्यांना लागायचं नाय. मीच वाचतो.”