काळजाचा तराजू

अबे, माह्या सातवीच्या वर्गातल्या वर्षा नावाच्या पोरीचं ऐका. परवा मी पोरांना इजिप्तचं शिकवून राह्यलो होतो. मेलेल्या माणसाचं काळीज देव सत्याच्या पिसाशी तोलत. जड भरलं की माणूस पापी. दाखवायला मी वाण्याचा जुना तराजू आणला. एका पारड्यात पीस ठेवलं, काळीज म्हणून मातीचा गोळा उचलला. मागं तपासणीचे साहेब बसलेले.

वर्षा उठली. "सर, थांबा! आदी रिकामा काटा दाखवा."

"काऊन वं?"

"कापूस मोजताना माहा बाप पयले तेच पाह्यते."

मी पीस काढलं. गोळा हातातच, तरी काळजाचं पारडं खाली!

साहेब माह्याकडं पाहू लागले. मी छाती फुगवून म्हटलं, "साहेब, आमच्या बेला गावच्या माणसाले देवबी काटा मारू शकत नाही."