डॉक्टरांसमोरची तालीम

मेंदूच्या डॉक्टरांकडे माझा नंबर यायचा होता. शेजारच्या बाकावर एक वृद्ध नट-दिग्दर्शक आणि त्यांची मुलगी बोलत होती.

“बाबा, आज डॉक्टर ‘हो’ म्हणाले तरच नाटकात तुमची भूमिका राहील. हा काही सिनेमा नाही, रीटेक मिळायला.”

“म्हणून तर पाठांतर केलंय. विचार.”

“आज वार कोणता?”

“मंगळवार.”

“आज गुरुवार आहे, बाबा.”

“मागच्या खेपेला मंगळवारच बरोबर होतं.”

“ती त्या दिवसाची उत्तरं होती. आज डॉक्टर प्रश्नही बदलतील.”

“म्हणजे त्यांचं वाक्य चुकेल. तू घाबरू नकोस, पोरी. रंगमंचावर भल्याभल्यांना सांभाळून घेतलंय मी, त्यांनाही घेईन.”