विमान चुकलं नाही, विमानं चुकली!

नाही हो नाही, विमान चुकलं नाही... विमानं चुकली! एकमेकांना! हवेत! किती वेळा सांगायचं? सकाळपासून फोनवर हेच चाललंय माझं. आमच्या सासूबाई तर म्हणतात, "विमान चुकलं, तर मग जावई घरी आले कशाने, बसने?" अहो, ज्यात बसले होते ते नाही चुकलं, समोरून आलं ते चुकलं, म्हणजे तसं यांचंही चुकलंच, आणि दोन्ही चुकली म्हणून तर सगळे वाचले! तर म्हणतात, "बरं, मग चुकलं कुणाचं?" घ्या! तुम्हाला सांगतो, अख्ख्या घराचं डोकं त्याच एका प्रश्नाने भणभणतंय... चुकलं कुणाचं?

थांबा, पहिल्यापासून सांगतो. आमचे साडूभाऊ, म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, चष्म्याचं दुकान आहे त्यांचं. गिऱ्हाइकाला "आता स्पष्ट, की आधी स्पष्ट?" असं विचारून विचारून आवाजसुद्धा मऊ झालाय माणसाचा. तर हे आणि आमच्या ताई, एकुलत्या एका लेकीला नोकरीच्या गावी सोडून परत येत होते. ताई विमानतळावर रडल्या, जिना चढताना रडल्या, पट्टा बांधताना रडल्या, आणि विमान वर गेल्यावर खिडकीला डोकं टेकून, शाल गळ्यापर्यंत ओढून, हात आत घेऊन जी झोप लागली... गाढ! लेकीचं सामान बांधण्यात कित्येक दिवस डोळ्याला डोळा नव्हता हो बाईच्या. मधे साडूभाऊ. आणि त्यांच्या पलीकडे एक मिशीवाले गृहस्थ, हे एवढे, कोपर टेकायची जागा सगळी त्यांचीच.

साडूभाऊंनी ताईंच्या डोक्यावरून सहज बाहेर बघितलं, तर लांब एक पांढरा ठिपका. मग ठिपक्याला पंख फुटले. "अरे वा, विमान!" असं वाटलं म्हणे त्यांना, लहान पोरासारखं! मग ते मोठं झालं. मग आणखी मोठं झालं. मग त्याच्या खिडक्या दिसायला लागल्या... आता मला सांगा, समोरच्या विमानाच्या खिडक्या दिसाव्यात का माणसाला? आणि एवढ्यात यांचं विमान जे खाली कोसळलं, पोट राहिलं वर आणि माणूस आला खाली, चहाचे कप छताला, कुणाचा चष्मा कुणाच्या मांडीवर, आणि ते दुसरं विमान डोक्यावरून असं गेलं, असं, की आतला उजेड क्षणभर काळवंडला. मिशीवाले ओरडले, "आई गं!" साडूभाऊंचा फक्त हात पुढे गेला आणि मिळेल तो हात घट्ट धरला.

मिशीवाल्यांचा!

आणि त्याच धक्क्याने ताईंना जाग आली. बघतात तर काय... आपला नवरा, डोळे मिटलेले, एका परक्या पुरुषाच्या बोटांत बोटं अडकवून, त्याच्या खांद्यावर मान टाकून बसलाय! ताई म्हणाल्या, "अहो... हे काय?"

म्हणजे बघा, बाईला विमान दिसलंच नाही, दिसला तो फक्त हात. आता चुकलं कुणाचं?

तेवढ्यात वैमानिक बोलला, अगदी शांत, लग्नाची निमंत्रणं वाचावीत तसा, "प्रवाशांच्या सोयीसाठी आपण उंची थोडी कमी केली आहे." सोयीसाठी! साडूभाऊंनी हवाईसुंदरीला विचारलं, "मॅडम, ते विमान..." तर ती केसातला चहा पुसत म्हणाली, "कुठलं विमान, सर? थोडी हवा खराब आहे." साडूभाऊंना वाटलं, आपणच चुकीचं पाहिलं की काय! जन्मभर लोकांचे नंबर काढले आणि आपलाच नंबर वाढला? बरं, हे सगळं चाललंय तरी हात काही सुटलेला नाही. कुणी सोडायचा, तेच दोघांना कळेना! विमान टेकलं तेव्हा सुटला. आणि सामान घ्यायच्या पट्ट्यापाशी मिशीवाल्यांनी डोळे पुसत ताईंना काय म्हणावं? "वहिनी, यांनी हात धरला म्हणून धीर राहिला हो!" झालं... ताईंनी बॅग उचलली ती घरापर्यंत स्वतःच ओढली, यांना हात लावू दिला नाही.

संध्याकाळी बातम्या लागल्या, दोन विमानं थोडक्यात बचावली. विमान कंपनी म्हणे चूक खालून उंची सांगणाऱ्याची, तो म्हणे वैमानिकाची, हा वैमानिक म्हणे त्या वैमानिकाची. साडूभाऊ उठून उभे राहिले, "बघ! दिसलं होतं मला!" ताई म्हणाल्या, "म्हणजे मरण खरंच समोर होतं. आणि खरंच समोर असताना तुम्ही त्यांचा हात धरलात."

सांगा आता! विमान खोटं होतं तोवर माणूस वेडा ठरत होता, खरं निघालं तर गुन्हेगार!

म्हणून मला बोलावलं निवाड्याला. मला! सोफ्याच्या एका टोकाला ताई, दुसऱ्या टोकाला साडूभाऊ, आणि मधे मी, कपबशी सांभाळत. ताई म्हणाल्या, "भाऊजी, एवढा संसार केला, दुसरं काही मागितलं नाही. शेवटच्या क्षणी हात माझा हवा होता, एवढंच." आणि पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळायला लागल्या. मी हसणार होतो, ते तिथेच गिळलं.

साडूभाऊ बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "अगं, तुझा हात शालीत होता. काढला असता तर जागी झाली असतीस. किती दिवसांनी झोपली होतीस... म्हटलं, आता जायचंच आहे, तर हिला तरी कळू नये."

ताईंनी पदर डोळ्याला लावला आणि मग, पदराआडूनच, विचारलं, "हे तेव्हा मनात आलं होतं, की आत्ता?"

आता 'तेव्हाच' म्हणायला काय जात होतं? पण नाही! हा माणूस विचार करायला लागला, अगदी खरंखुरं आठवायला लागला, आणि म्हणाला, "नक्की नाही गं सांगता येत. भीतीच एवढी होती."

मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, आता ही टक्कर काही चुकत नाही.

पण ताई उठल्या, त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या, त्यांचा हात ओढून आपल्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "ते काही असो. पुढच्या वेळी मला उठवायचं."

पुढच्या वेळी! ऐकलंत?... साडूभाऊंनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं, आणि ते आपल्या त्या मऊ आवाजात म्हणाले, "बरं, उठवतो."