चाळीसपर्यंत

दवाखान्यातल्या बाकावर शिंपीणबाई नंबराची वाट पाहत बसल्या होत्या. शेजारी एक वयस्कर जोडपं होतं. नवऱ्याच्या मांडीवर झोपेत श्वास देणाऱ्या मशीनची पिशवी होती.

"डॉक्टरांना खरं सांगा. मास्क तासाभरात काढून टाकता म्हणून."

"नाकातून रक्त येतं गं. इथली हवाच कोरडी, त्यात हे वारं."

"मशीनच्या डबीत पाणी भरते ना मी?"

"पहाटेच्या आत आटतं ते."

"मग मला उठवा, पुन्हा भरेन."

"तू झोपतेस कधी?"

"तुमचा श्वास थांबला की आकडे मोजते. काल चाळीसपर्यंत गेले."

"मग?"

"मग हलवलं तुम्हाला."

"एखाद्या दिवशी नको हलवूस. तुलाही झोप मिळेल."

बायकोने पिशवी आपल्या मांडीवर ओढून घेतली.

शिंपीणबाईंचा नंबर पुकारला गेला. त्यांना उठवेना.