यादीतली सातवी ओळ

जमलेल्या सर्वांना नमस्कार. मला असं उभं राहून बोलायची सवय नाही. शिक्षण दहावीपर्यंतचं. म्हणून लिहून आणलंय, तीनदा तपासलंय. तरी कुठे चुकेन. सांभाळून घ्या.

मी पनवेलच्या दाखले केंद्रात संगणकावर लोकांचे अर्ज भरतो. मेधाताई पहिल्यांदा आल्या तेव्हा मला वाटलं, तपासणी आली. त्या म्हणाल्या, "माणसाचं आणि संगणकाचं कुठे जमत नाही, ते बघणं हे माझं काम." आणि माझ्यामागे प्लास्टिकच्या स्टुलावर बसल्या. महिनाभर बसल्या.

अर्जात व्यवसायाचा रकाना होता. सहा पर्याय. रिकामा ठेवला तर अर्ज पुढे सरकायचा नाही. आमच्याकडे बरेच जण मिठागरावर राबतात, पण मिठागर त्या सहांत नव्हतं. मग आम्ही काय करायचो? पहिला पर्याय टाकायचो. शेती. मीही टाकायचो.

एक दिवस ताईंनी संगणकाचा पडदा समोर अर्जासाठी बसलेल्या, मिठागरावरच्या हिरामावशींकडे फिरवला आणि काय भरलंय ते वाचून दाखवलं. मावशी इथे बसल्यात. त्या म्हणाल्या, "मी शेतकरीन कदी झाले रं? जमीन दाव, आताच नांगर आनते!" सगळी रांग हसली. मी नाही हसलो.

केंद्र बंद करताना ताई म्हणाल्या, "अरे, योजना ठरवणारे मिठागरावर येत नाहीत. तुझ्या पडद्यातून दिसतो तेवढाच त्यांचा तालुका. त्यात मीठ पिकवणारा एकही माणूस नाही. मग त्याच्यासाठी योजना कोण करेल?"

तेव्हा मी त्यांना माझी वही दाखवली. अर्जात खोटं टाकलं की खरा धंदा मी वहीत लिहून ठेवायचो. कशासाठी? माहीत नाही. जिवाला बरं वाटायचं.

ताई म्हणाल्या, "अलिबागला या अर्जांबद्दल जिल्ह्याच्या साहेबांची बैठक आहे. चल. तू सांग."

मी म्हणालो, "नको ताई. नोकरी जाईल."

त्या रागावल्या नाहीत. लोकांची नावं झाकून पानांच्या झेरॉक्स काढल्या आणि एकट्या गेल्या. तिथे एक साहेब म्हणाले, "ही ऑपरेटरची चूक आहे. कोण तो?" ताईंनी नाव सांगितलं नाही. म्हणाल्या, "साहेब, माणूस बदलून काय होणार? नवा आला तरी त्याला हेच सहा पर्याय दिसणार. यादी बदला."

एका बैठकीत झालं नाही. त्या पुन्हा गेल्या. पुन्हा गेल्या. शेवटी यादीत सातवी ओळ आली. मिठागर कामगार.

परवा ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका काकांचा अर्ज भरत होतो. बोट सातव्या ओळीवर होतं. काका म्हणाले, "थांबलास का रं? संगणक नाय घेत का?" घेतो, काका. आता घेतो.

ते साहेब इथे आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही. असतील तर ऐका. तो ऑपरेटर मी. ती वही माझी. ताईंनी बोलावलं तेव्हा आलो नाही. आज सांगतोय. उशीर झाला, ताई.

आता दोन मिनिटं उभे राहू या. ही दोन मिनिटं ताईंची आहेत. ती रिकामीच राहू द्या. भरायची म्हणून काहीही भरू नका.