विंडोज येतं का?

लिनक्सचं नाव काढलंस म्हणून सांगतो, गड्या. फौजेत मी अठरा वर्षं क्लार्क होतो. रिटायर होऊन आलो आन् फलटणकडच्या एका साखर कारखान्यात ऑफिसच्या जागेला अर्ज केला. मुलाखतीत साहेबांनी पहिलंच विचारलं, "विंडोज येतं का?"

म्हणलं, "न्हाई साहेब. आमच्याकडं लिनक्स होतं. ते कुठल्या एका कंपनीच्या मालकीचं नसतं, फुकट मिळतं. सगळी नोकरी त्याच्यावरच केली."

"म्हणजे कॉम्प्युटर येत नाही म्हणा."

"येतो की. पत्रं, रजेचे कागद, सगळं केलंय. चार दिवस द्या, तुमचंबी शिकतो."

"जाहिरातीत विंडोज लिहिलंय, हवालदार." त्यांनी माझी सर्टिफिकिटं परत सरकवली. मग जरा मऊ आवाजात म्हणले, "वॉचमनची जागा आहे बघा. फौजी माणूस, बंदूक तर येतच असेल."

बंदूक मी वर्षातनं एकदा, सरावापुरती धरायचो. पण त्यांना सांगितलं न्हाई. पोरगी बारावीला होती, घरी बसून चालणार न्हवतं.

सोमवारी सकाळी साहेबांची गाडी आली. काच खाली करून त्यांनी विचारलं, "जमतंय ना?"

मी सलाम ठोकला आन् गेट उघडलं.